पर्सला शोभेल अशी बाई

शहीराने आधी पर्स ठरवली आणि मग तिला शोभेल अशी बाई तयार करायला घेतली. पर्स तिच्या दिवंगत आत्याची, साठ सालच्या आसपासची. मगरीचं कातडं, पितळी चाप. भाचीच्या साखरपुड्यात ती मिरवायची, तर बाकी सगळंही त्याच काळातलं हवं. म्हणून तिने कैरोतल्या विकालेत अल-बलह या जुन्या बाजारात कपड्यांचे गठ्ठे उपसले. शेवाळी लोकरी स्कर्ट मिळाला, तो शिंप्याकडून कमरेत आवळून घेतला. मग आखूड कोट मिळाला, बुटक्या टाचेचे बूट मिळाले. कैरोच्या ऐन उन्हाळ्यात ती हे सगळं चढवून निघाली, तेव्हा नवरा रऊफ म्हणाला, "पर्सला उकडत नाही ना, तेवढं विचार."

हॉलमध्ये नवऱ्या मुलाच्या आत्याने, टांट इंगीने, तिला गाठलं. ही टांट, म्हणजे काकू, तीस वर्षं कॅनडात राहून आलेली.

"पर्स किती सुंदर आहे गं."

अशा वेळी कैरोत कुणाच्याही तोंडून निघतं तेच शहीराच्या तोंडून निघालं. "तुमच्यापुढे हिचं काय मोल. घ्या, तुमचीच आहे."

यावर समोरच्याने 'छे छे, तुलाच शोभते' म्हणायचं आणि विषय संपवायचा. पण इतकी वर्षं बर्फात काढल्यावर हे उत्तरही गोठत असावं.

"खरंच? थँक यू," म्हणत इंगीने हात पुढे केला.

शहीराने किल्ल्या, रुमाल, मोबाइल असा सगळा संसार मिठाईवाल्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत हलवला.

"परत माग की," रऊफ कुजबुजला.

"मुलाकडची आहे ती. लग्न मोडायचंय का तुला?"

"मग तू तिच्याकडे जाऊन पर्सचं कौतुक कर. तिला म्हणावंच लागेल, घे, तुझीच आहे."

शहीरा गेली. "टांट, पर्स काय शोभते हो तुम्हाला."

"थँक यू," इंगी म्हणाली आणि पर्स नीट मांडीवर घेतली.

शहीरा खुर्चीत येऊन बसली. पर्स गेल्यावर उरलं काय, तर भर उन्हाळ्यात लोकर घालून मिठाईची पिशवी सांभाळणारी एक घामाघूम बाई. लोक तिला पाणी आणून देऊ लागले.

केक कापून झाल्यावर इंगी आरशासमोर गेली. अंगात चंदेरी टिकल्यांचा झगा. तिने पर्स या हातात घेतली, त्या हातात घेतली, पाठीमागे धरून पाहिली. मग तडक शहीराकडे आली.

"ही माझ्या हातात उसनी वाटते गं. हिला तुझाच स्कर्ट लागतो. ठेव तू."

शहीराने एकदाही 'राहू दे' म्हटलं नाही. पर्स छातीशी धरली, चाप उघडून मिटला. तो टक् आवाज ऐकल्यावर तिला हॉलमधले पंखे चालू असल्याचं पहिल्यांदाच जाणवलं.

इंगी जाता जाता थबकली. "स्कर्ट मात्र छान आहे हं."

नेहमीचे शब्द शहीराच्या ओठांपर्यंत आले. सरबत पिता पिता रऊफला ठसका लागला.

"थँक यू," शहीरा म्हणाली.