धूर मोजणारे दोघं

“अमेरिकेच्या अध्यक्षानं तिकडे सही ठोकली, त्याचा राग माझ्या कागदावर का काढतोयस?”

“हळू बोल,” सुधीर मुलावर दातओठ खात पुटपुटला. “एक ते तीन मिटाग्सरूहे आहे, दुपारी आवाज करायचा नाही. खालची बाई परत झाडूच्या दांड्यानं छत बडवेल.”

सतरा वर्षांच्या कबीरला म्युनिकच्या या घराचं हेच डोक्यात जायचं. भांडायचं तेसुद्धा कुजबुजत.

टेबलावर त्याचा करार पडला होता, गॅरेजमध्ये साडेतीन वर्षं शिकाऊ म्हणून राहण्याचा. जुन्या डिझेल गाड्यांना शहरात बंदी होणार म्हटल्यापासून त्या गॅरेजात धुराचे फिल्टर बसवायला रांग लागलेली. दहावी अर्धी सोडून कबीर चार महिने तिथंच हात काळे करत होता. आज तीन वाजता गॅरेजचा मास्टर सगळे कागद नोंदणीला घेऊन जाणार. आईबाबा दोघांच्या सह्या नसल्या, तर जागा दुसऱ्याला.

“मी इंजिनं डिझाइन करायची, आणि माझ्या मुलानं सायलेन्सर बदलत बसायचं?”

“डिझाइन? आता कुठलं डिझाइन?”

बोलून गेल्यावर कबीरनं जीभ चावली. पण घाव बसला होता.

सुधीरचं इंजिन अमेरिकेत विकायच्या गाडीसाठी होतं. जानेवारीत तिथल्या नव्या अध्यक्षानं आदेश काढला: कॅलिफोर्नियाला धुराचे स्वतःचे कडक नियम लावायला आधीच्या सरकारनं नकार दिला होता, त्याचा फेरविचार करा. तीन आठवड्यांत कंपनीनं प्रोजेक्ट गुंडाळलं. मार्चअखेर सुधीरची नोकरी संपणार, आणि नोकरीवरच तिघांचा व्हिसा. पुण्याची तिकिटं झाली होती. कबीरच्या हातात हा करार असला तर त्याला राहता येईल, असं परवान्याच्या ऑफिसातली बाई म्हणाली होती.

कबीरनं फायलीतून आदेशाची प्रिंट ओढली. बाबानं पट्टी धरून रेघा मारलेल्या.

“हे बघ. फेरविचार करा, एवढंच आहे. आल्झो, म्हणजे ठरलेलं काहीच नाही! मग तुमचे लोक एवढे का टरकले?”

कणीक मळता मळता कबीरची आई मालिनी थांबली.

“सांग ना त्याला, सुधीर. किती दिवस लपवणारेस?”

“काय लपवलं?”

“मीटिंगमध्ये चीफनं विचारलं, उद्या नियम आला तर आपलं इंजिन बसेल का त्यात,” मालिनीच म्हणाली. “बाकी सगळे म्हणाले, बघू, दोन वर्षांत जमवू. तुझा बाबा म्हणाला, नाही जमणार. आकडे काढून दाखवले. तिथंच फाइल बंद झाली.”

“वेडा आहेस का तू? गप्प बसला असतास तर...” कबीर ओरडला.

खालून छतावर ठक् ठक् झालं. तिघांनीही जमिनीकडे बघितलं.

“अकरा वेळा धूर मोजला होता मी,” सुधीर म्हणाला. “काय सांगायला हवं होतं?”

सुधीरनं करार पुढं ओढला, चष्मा चढवला.

“तुमच्याकडे फिल्टर बसवल्यावर धूर मोजतात?”

“आधी पण आणि नंतर पण. परवा एका गाडीचा आकडा नियमात बसेना. गिऱ्हाईक म्हणालं, बसतो असं लिहून टाक रे. मी नाही लिहिला. जाम शिव्या घातल्या त्यानं.”

“आणि मास्टर?”

“फिल्टर काढून परत बसवायला लावला मला. पूर्ण.”

सुधीरनं पेनचं टोपण काढलं. “मी सही केली की हा इथं एकटा राहणार, मालिनी.”

“माहितीये मला.”

त्यानं सही केली. मालिनीनं हात पुसले, पण नीट नाही. तिची सही झाली तेव्हा कागदाच्या कोपऱ्याला पीठ लागलं होतं.

तीनला वीस कमी. जिंकलो की जिन्यावरून ओरडत पळायचं, असं कबीरनं कालच ठरवलं होतं. आता तो बुटाची नाडी सोडून दुसऱ्यांदा बांधत होता. बाबा ती प्रिंट परत फायलीत लावत होता, कडेला कडा जुळवून.

“बाबा...”

“हं?”

“काही नाही. मला आता निघायला हवं.”