भुंडीची आई

"आबा, ढवळी कुणाची?"

फोनवर रविराजने एवढंच विचारलं आणि ओट्यावर बसलेला बिरू सरसावून बसला. ढवळी काजळीची, काजळी तांबडीची, आणि तांबडीचं तर काय सांगावं... गडी थांबायचं नाव घेईना.

रविराज त्याचा एकुलता एक. बारामतीला कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला होता. डेटा स्ट्रक्चरच्या पेपरात एकदा आपटला होता. या खेपेला सरांनी सांगितलं, घरचंच काहीतरी घेऊन प्रोजेक्ट करा. पोराने घरची मेंढरं घेतली. मेंढरं आता होती कुठं म्हणा! बायको साखरबाई गेली, एकट्या बिरूच्याने कळप आवरेना, चार वर्षांपूर्वी त्याने सगळी विकून टाकली. शेळगावातल्या घरामागे मेंढरं कोंडायची जाळी तेवढी गुंडाळून पडली होती.

"एक मेंढी म्हंजी एक डबा, आबा," पोराने समजावलं होतं. "डब्यात तिचं नाव, रंग. आन् तिथनं आयच्या डब्याकडं जाणारी एक दोरी."

हे बिरूला झटक्यात कळलं. त्याने जन्मात कधी मेंढरं मोजली नव्हती. मोजली की घटतात, असं त्याचा बाप सांगायचा. कळप ओळखायचा तो आईवरून. कोण कुणाची हे ठाऊक असलं, की चुकलेलं कोकरू लगेच ध्यानात येतं.

एरवी रविराजचा फोन रविवारी यायचा. जेवलात का, बरं हाय का, संपलं. आता पंधरा दिवस तो रोज येत होता, तोही नेमका पूर्वी मेंढरं परतायची त्या वेळेला. बिरू दुपारपासूनच नावं घोकत बसायचा. फोन चार्जिंगला लावायचा, भरलाय का बघायला काढायचा, पुन्हा लावायचा.

मग एक दिवस पोरगा म्हणाला, "आता एकच ऱ्हायली, आबा. भुंडी. तिची आय कोण?"

एकच! "आठवंना गड्या," तो म्हणाला. "उद्या सांगतो."

धादांत खोटं. बिरू एक वेळ स्वतःच्या लग्नाचं साल विसरेल, पण भुंडीची आई? दुसऱ्या दिवशीही त्याला आठवेना, तिसऱ्या दिवशीही आठवेना.

चौथ्या दिवशी पोराचा आवाज पार उतरला होता. "आबा, उद्या तोंडी परीक्षा हाय. भुंडीची दोरी कुठंच बांधली न्हाय, म्हणून तिच्या खालची अकरा मेंढरं कळपात दिसतच न्हाईत. परत नापास झालो तर वर्ष जाईल माझं."

बिरूला स्वतःची लाज वाटली. वादळात आणि लांडग्यांतही कधी एक कोकरू न गमावलेला माणूस, आणि एका फोनपायी अकरा मेंढरं वाटेवर सोडून बसला होता.

"पैंजणीची," तो म्हणाला. "भुंडीला व्याली आन् मेली बिचारी. मग तुझ्या आयनं बाटलीनं वाढवली."

पलीकडे कीबोर्डचा आवाज आला. "दिसली, आबा. समदी दिसली."

परीक्षा झाली आणि दोन दिवसांनी मेसेज आला. बिरूला वाचता येत नव्हतं, म्हणून शेजारच्या निकिताने वाचून दाखवला. पोर पास झालं होतं. बिरूने तिच्या हातावर साखर ठेवली. त्या संध्याकाळी फोन वाजला नाही. पुढच्याही संध्याकाळी नाही. तिसऱ्या दिवशी, दिवस मावळायच्या सुमाराला त्याने स्वतःच नंबर लावला.

"रवी, त्या भुंडीला आनखी एक कोकरू झालं हुतं बघ. सांगायचं ऱ्हायलं."

"ऱ्हाऊ द्या आबा, आता समदं जमा केलं. मी भाईर हाय जरा. रविवारी बोलतो."

"व्हय, व्हय. बोल की," बिरू म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

भुंडीला असं कोकरू कधी झालंच नव्हतं. त्याचं नाव मात्र बिरूने दुपारीच ठरवून ठेवलं होतं.