पहिलं बटण शरयूचं

“एवढंच सांग दीपमाला, तिचं लग्न झालं का मोडलं?”

भालचंद्रराव देऊळगावकर शेजारच्या दारात हातात डायरी घेऊन उभे होते. दीपमाला नुकतीच दवाखान्यातून सकाळची ड्यूटी करून आली होती. अजून नर्सचा पांढरा कोटसुद्धा उतरवला नव्हता.

“झालं की काका. सानवीचंच झालं. पण ज्याच्याशी झालं तो तो न्हाई.”

“तो तो न्हाई म्हंजे?”

“त्याचा जुळा भाऊ हाय तो.”

“जुळा? हा जुळा कधी झाला?”

“आत्ता झाला न्हाई, आधीपासूनच व्हता. आपल्याला आत्ता दाखवून राह्यले.”

भालचंद्ररावांनी डायरीत एका नावाशेजारी दुसरं नाव लिहिलं, मध्ये बाण काढला, मग बाण खोडला. “आणि मंग गेल्या महिन्यात घाटात जो गाडीसकट गेला तो कोण?”

“तो गेलाच न्हाई. मी सांगितलं व्हतं तुम्हाला मंगळवारी!”

सांगितलं असेल बिचारीनं. पण भालचंद्ररावांच्या डोक्यात ‘सात उंबऱ्यांचं घर’ या मालिकेतलं काहीच राहत नव्हतं. मेलेले परत येत होते, जिवंत होते ते भिंतीवर हार घालून लटकत होते आणि बाकीचे दाराआड उभं राहून ऐकत होते. बदनापूरच्या संशोधन केंद्रात उभी हयात कारकुनी केलेला हा माणूस. कुठल्या वाफ्यात कुठलं वाण, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचा. पण या देशमाने कुटुंबात कोण कुणाचा कोण, यापुढे त्यांनी हात टेकले होते.

“काका,” दीपमाला जरा जपून म्हणाली, “तुमचं सगळं बरं हाय ना? काकू व्हत्या तवा तुम्ही या मालिकेला किती नावं ठेवायचे. गंधालीताईला फोन लावू का मी?”

“कशाला? मला काय झालंय?” म्हणत भालचंद्रराव चपला सरकावून घरी आले.

तिला सांगायचं तरी काय, आणि सांगायची परवानगी तरी कुठे होती? घरी टीव्हीच्या कपाटावर एक काळी डबी होती. तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा कंपनीची माणसं येऊन बसवून गेली होती. लोक काय बघतात ते मोजायची डबी. तिचा एक छोटा रिमोट. घरातल्या प्रत्येक माणसाचं त्यावर एकेक बटण. टीव्हीपुढे बसलं की आपलं बटण दाबायचं, डबीवर दिवा लागतो. उठलं की परत दाबायचं, दिवा जातो. आणि अट एकच, हे कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही.

नावं लिहिताना त्यातल्या एका माणसानं सवयीनं विचारलं होतं, “पहिला नंबर काकांचा टाकू ना?”

“का बरं?” शरयू स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. “टीव्ही बघते मी, आणि पहिला नंबर त्यांचा? पहिलं बटण माझं.”

झालं, पहिलं बटण शरयूचं, दुसरं भालचंद्ररावांचं.

तो माणूस जाता जाता म्हणाला होता, “काकू, तुम्ही काय बघता त्यावर पुढं मालिका चालती न् बंद पडती.” त्यानं ते सहज म्हटलं असेल, पण शरयूनं ते मनावर घेतलं. आता तुम्हीच सांगा, का घेऊ नये? त्या बाईला आजवर कुणी मत विचारलं होतं? घराचा रंग ठरला तेव्हा नाही, लेकीचं, गंधालीचं स्थळ ठरलं तेव्हा नाही. भालचंद्ररावांनीही कधी विचारलं नव्हतं, आणि हे त्यांना आता, ती नसताना, फार लागत होतं.

मग शरयूचं मत सुरू झालं. संध्याकाळी साडेसातला ती वेताच्या मोड्यावर बसायची, मांडीत तुरीच्या शेंगांचं ताट आणि त्यात रिमोट. सानवी उगीच रडायला लागली की शरयू बटण दाबून दिवा घालवायची आणि टीव्हीला ठणकावून सांगायची, “उठले मी!”

सांगायची, आणि बसूनच राहायची. शेंगा सोलत सगळं बघायची. मग नलूवहिनी पडद्यावर आली की लगेच बटण दाबायची. “आले बरं का.”

नलूवहिनी म्हणजे त्या घरातली थोरली जाऊ. कमरेला किल्ल्या, पन्नाशीची, जरा जाड, आवाज घोगरा. सगळ्या घरात तेवढी एकच शहाणी, असं शरयूचं स्पष्ट म्हणणं. कटकारस्थान चाललं की नलूवहिनी म्हणायची, “आधी जेवून घ्या सगळे.” यावर शरयू खूश.

“अगं, असं सारखं चालू-बंद करून काय होतंय?” भालचंद्रराव पेपरमागून म्हणायचे. “त्यांना वाटंल बाई मोरीत जाऊन राह्यली.”

“वाटू द्या. रडारड सुरू झाली की देऊळगावकरबाई उठती, हे कळू द्या त्यांना.”

“येडी हायेस तू.”

“आणि तुम्ही? रोज इथंच बसता, तुमचं बटण का दाबत न्हाई?”

“मी कुठं बघून राह्यलो? मी पेपर वाचतो.” आणि दोन मिनिटांनी पेपरमागून, “ही कोण गं हिरव्या साडीतली?”

मागच्या गणपतीनंतर नलूवहिनी मालिकेतून गेली. बहिणीकडे गेली म्हणे, काही दिवसांसाठी. दिवाळीत शरयूला जालन्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथे नळ्या-बिळ्या लावलेल्या असताना तिनं विचारलं, “नलूवहिनी आली का?”

“न्हाई अजून.”

“येईल. तिच्याशिवाय त्या घराचं कसं व्हायचं? आली की माझं बटण दाबा बरं. मी घरी नसले तरी.”

तिला म्हणायचं होतं, दवाखान्यात असले तरी. पण ती घरी आलीच नाही. कार्तिकात गेली.

आणि नलूवहिनी कुठल्या दिवशी येईल ते काय सांगून येणार होती? म्हणून भालचंद्रराव रोज साडेसातला पहिलं बटण दाबत आले. डायरी घेऊन बसत, डोकं पिकेपर्यंत बघत. अडचण एकच होती. बटण दाबायचं कळत होतं, पण घालवायचं कधी ते कळत नव्हतं. सानवी रडली, ते ठीक, पण हे रडणं उगीच का खरं? जुळा भाऊ निघाला, यावर शरयू उठली असती की हसली असती? चाळीस वर्षं एका घरात काढून त्यांना याचं उत्तर येत नव्हतं. मग ते दिवा तसाच ठेवायचे, आठ वाजेपर्यंत.

आज मात्र सगळा निकाल लागणार होता. परवापासून टीव्हीवर दाखवत होते, देशमान्यांचं दार उघडतंय, उंबऱ्यावर पावलं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. चेहरा नाही. ‘आज संध्याकाळी साडेसात वाजता.’ भालचंद्ररावांनी सकाळपासून रिमोटचे सेल दोनदा काढून बघितले होते.

चारच्या सुमारास दारात स्कूटी थांबली. हेल्मेट काढत एक तिशीची बाई आत आली, गळ्यात ओळखपत्र.

“देऊळगावकरकाका ना? मी तृप्ती. ते आपलं मशीन हाय ना, त्याच्यासाठी आले. पहिले येणारे सर आता नांदेडला गेले.”

भालचंद्रराव लगबगीनं उठले. “बसा. पाणी आणतो.”

“शरयू मॅडम न्हाईत का घरी?”

“न्हाई,” ते म्हणाले. खोटं नव्हतं ते.

तृप्तीनं डबी उघडून बघितली, तारा हलवल्या, हातातल्या टॅबवर काहीतरी पाहिलं. “मशीन तर बराबर हाय. मंग काका, मॅडमच्या तब्येतीत चांगला फरक पडलेला दिसतो.”

“काय?”

“न्हाई म्हंजे, आधी मॅडमचं आमच्याकडं लई वेगळं यायचं. अर्ध्या घंट्यात पंधरा-पंधरा वेळा उठायच्या. ऑफिसात आम्ही म्हणायचो, मॅडमला शुगर असणार.” ती हसली. “आता चार महिने झाले, साडेसातला बसल्या की आठपर्यंत हलत न्हाईत. एकदाबी न्हाई. म्हणून साहेबांनी पाठवलं, जाऊन बघ म्हणे, मशीन अडकलं का काय.”

भालचंद्रराव हातातला तांब्या तसाच धरून खुर्चीत बसले.

अख्ख्या बदनापुरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. लोक मातीला आले, दहाव्याला आले, आपापल्या कामाला लागले. आणि तिकडे कुठल्या तरी ऑफिसात, तोंडसुद्धा न पाहिलेल्या माणसांना कळलं होतं की ही बाई आता उठत नाही. त्यांना एकदम रडूच कोसळलं. त्यांनी ते पंच्याच्या टोकात दाबलं.

“काका? काय झालं?”

“ती गेली.”

“कुठं?”

“गेली म्हंजे गेली हो. कार्तिकात.”

तृप्तीनं टॅब मांडीवर पालथा ठेवला. मग ती हळूच म्हणाली, “मंग बटण?”

“मी दाबतो.”

आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. नलूवहिनी, दवाखाना, शरयूचं सांगणं, डायरी. सांगताना त्यांचं त्यांनाच वाटलं, काय हे आपण बडबडून राह्यलो.

“काका, मला ते नाव काढावं लागंल,” तृप्ती म्हणाली. “आमचा नियमच हाय. नसलेल्या माणसाचं चालत न्हाई.”

“बराबर हाय.”

“पण आज येणार ना ती नलूवहिनी? मग एक करते. मी उद्या येते. मला तसंबी उद्या याच बाजूला येणं हाय. आजच्या दिवस राहू द्या मॅडमचं.”

भालचंद्ररावांचं मन हो म्हणत होतं. एकच दिवस! शरयूनं दुसरं मागितलं तरी काय होतं? पण आतून काहीतरी अडत होतं, आणि काय अडतंय ते त्यांना पटकन सापडेना. केंद्रात रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक वाचायचं काम त्यांच्याकडे होतं, एकोणतीस वर्षं. पाऊस नसला तर शून्य लिहिलं, पण जाऊन बघितल्याशिवाय अंदाजानं आकडा कधी टाकला नाही. आणि इथे?

“तुमच्या कागदावर काय आलं म्हणता? सलग बसली?”

“हो. रोज, पूर्ण अर्धा घंटा.”

“तशी ती कधी बसलीच न्हाई हो.” त्यांचा आवाज चढला. “तीन वर्षांत एक दिवस न्हाई. पंधरा वेळा उठायची, अन् उठायची म्हंजे उठायची न्हाई, तिथंच बसायची, पण तुम्हाला सांगायची की मला हे पटत न्हाई. ते तिचं मत व्हतं. आणि मी चार महिने तिच्या नावावर काय लिहून राह्यलो? गपगुमान बसलेली बाई! ही शरयू न्हाईच. काढा. आत्ताच काढा.”

“नक्की ना काका?”

“काढा म्हणतो ना.”

तृप्तीनं टॅबवर दोन-तीनदा बोट फिरवलं. डबीवर पहिला दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. काम झालं. इतकंसं काम होतं ते.

“तुमचा नंबर दोनच राहील,” ती सामान आवरताना म्हणाली. “तुमचं फक्त बातम्यांना येतं. मालिका बघत न्हाईत तुम्ही?”

“छे! मी पेपर वाचतो.”

तृप्तीची नजर टीपॉयवरच्या उघड्या डायरीकडे गेली. पानभर नावं, बाण, खाडाखोड, ‘हा मेला’, खाली ‘मेला नाही’. जाताना तिनं वाकून नमस्कार केला.

साडेसात वाजले. शीर्षकगीत सुरू झालं. भालचंद्रराव खुर्चीत, समोर रिकामा मोडा. अंगठा सवयीनं पहिल्या बटणावर गेला. दाबलं. डबी काळीच राहिली. त्यांनी ते आणखी एकदा दाबून पाहिलं.

मग त्यांनी पेपर घडी घालून बाजूला ठेवला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा, मालिका चालू असताना, स्वतःचं बटण दाबलं. दुसरा दिवा लागला.

देशमान्यांचं दार उघडलं. पावलं आली, किल्ल्यांचा जुडगा आला, जरीचा काठ आला. आणि मग चेहरा आला.

वेगळीच बाई होती. चाळिशीचीसुद्धा नसेल, भुवया कोरलेल्या, आवाज गोड गोड. सानवी धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली. “वहिनी, किती वाट बघायला लावलीत!” सासरे उठले, दीर उठले, तो जुळासुद्धा पाया पडला. एवढं मोठं घर, आणि एकाच्याही लक्षात येऊ नये की ही ती नाही?

“ही कोण गं?” भालचंद्रराव रिकाम्या मोड्याकडे वळून म्हणाले.

पडद्यावरच्या त्या बाईनं डोळ्यांना पदर लावला आणि सगळं घर रडायला लागलं. भालचंद्ररावांच्या अंगाचा तिळपापड झाला. चार महिन्यांत काही कळलं नव्हतं, पण हे त्यांना लख्ख कळलं. कुणाला विचारायची गरज नव्हती.

त्यांनी बटण दाबलं. दिवा गेला.

“उठलो मी!” त्यांनी टीव्हीला ठणकावून सांगितलं.

आणि आठ वाजेपर्यंत ते तिथेच बसून राहिले.