वस्तादांची कैची

शिवयोगी वस्तादांच्या तालमीत एक वेळ मारुतीला नमस्कार राहिला तरी चालायचं, पण कैची चुकलेली चालायची नाही. समोरचा पालथा आला की त्याच्या पाठीवर स्वार व्हायचं आणि त्याच्या पोटाखाली आपल्या दोन्ही पायांचा तिढा घालायचा, ही ती कैची. अख्ख्या सोलापुरात आमची तालीम तिच्यावरून ओळखली जाई. मी करीम टांगेवाला, तालमीतल्या बिरप्पाचा सरावाचा जोडीदार. ती कैची मी रोज अंगावर घेतलेली आहे, तेव्हा तिची थोरवी मला कुणी सांगू नये.

मागल्या साली बार्शीच्या मैदानात बिरप्पानं दुसऱ्या तालमीच्या रामहरीला हीच कैची घातली. रामहरी कडेला लोळला. बिरप्पाचे गुंतलेले पाय त्याच्याखाली अडकले, सुटता सुटेनात, आणि बिरप्पाच्याच पाठीला माती लागली. चूक कैचीची होती, आंधळ्यालाही दिसली असती. पण वस्ताद चारचौघांत म्हणाले, "मेंढरामागं हिंडनाऱ्याचं पाय ह्ये! त्यात कुटला आलाय जोर?"

बिरप्पा धनगराचा पोरगा. त्याला ते लागलं. मलाही लागलं, आणि अजून लागतं.

त्या दिवसापासून त्यानं तिढा घालणंच सोडलं. माझ्या पाठीवर आला की एक टाच या मांडीच्या आतून, दुसरी त्या मांडीच्या आतून, आणि दोन्ही पाय मोकळे. मी लोळलो की त्या बाजूचा पाय झटक्यात काढून घ्यायचा आणि पुन्हा माझ्या उरावर. वस्तादांनी हे पाहिलं आणि त्यांचं टाळकं सणकलं.

"गड्ड्याच्या जत्रंत रामहरीसंगंच तुजी जोड लावलीया," ते म्हणाले. "कैची सोडून हरलास, तर या तालमीची पायरी चढायची न्हाय."

"बरं."

"बरं काय? कैची घालनार का न्हाय?"

"न्हाय," बिरप्पा म्हणाला.

वस्तादांना हा शब्द ऐकायची सवय नव्हती. मला मात्र लई गोड वाटला.

जत्रेच्या दिवशी गड्ड्यावर कुस्त्यांची हलगी कडाडली. बऱ्याच झटापटीनंतर रामहरी पालथा आला आणि बिरप्पा त्याच्या पाठीवर बसला. कडेवरून वस्ताद ओरडत होते, "तिढा घाल! तिढा!" बिरप्पानं मान वर केली नाही. त्याच्या टाचांनी रामहरीच्या मांड्या फाकवल्या. रामहरी वैतागून लोळला, अगदी मागल्या सालासारखा. बिरप्पानं पाय काढला, गुडघा मातीत रोवला आणि रामहरीला आभाळ दाखवलं.

वस्ताद फेटा घेऊन धावतच आले. "बगा रं," ते लोकांना म्हणाले, "आमच्या तालमीची कैची!"

बिरप्पानं डोकं मागं घेतलं. "कैची नव्हती, वस्ताद. पाय मोकळं हुतं. येवढं सांगा, मग फेटा बांदा."

वस्तादांनी सांगितलं नाही. जिंकलेला पैलवान बोडक्यानं आखाडा सोडून गेला. मी टाळ्या वाजवल्या. वस्तादांनी माझ्याकडं डोळे वटारले, तेव्हा आणखी जोरात वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिरप्पा रोजच्यासारखा तालमीत आला आणि फावड्यानं माती उकरू लागला.

"तुला कुनी बोलिवलं?" वस्तादांनी विचारलं.

"हरलास तर येऊ नगं म्हनला हुता. मी जिकलोय की."

वस्तादांनी धोतर फेडून कोपऱ्यात भिरकावलं. लंगोटावर ते मातीत उतरले. "हो पालथा," म्हणाले. साठी उलटलेला माणूस त्याच्या पाठीवर चढला आणि त्यानं पोटाखाली तिढा घातला. "आता पाटीवरनं काड मला!"

बिरप्पानं माझ्याकडं पाहिलं. वस्तादांच्या पाठीला माती लावायची, हे आमच्या तालमीत कुणी मनातसुद्धा आणलं नव्हतं. "लोळ, गड्या," मी म्हणालो.

तो लोळला. वस्तादांचे पाय त्याच्याखाली अडकले. पाठ मातीकडं निघाली, आणि बिरप्पा कोपरावर सगळा भार तोलून मधेच थांबला. वस्तादांचा खांदा मातीपासून चार बोटं वर होता.

"टेकव की!" वस्ताद गरजले.

"न्हाय," बिरप्पा म्हणाला.

तो हलला नाही. शेवटी वस्तादांनी तिढा सोडला. बिरप्पा पुन्हा पालथा झाला, तरी ते त्याच्या पाठीवरून उतरले नाहीत.

मग त्यांनी विचारलं, "टाच कुटं घालायची म्हनलास?"