बिब्ब्याच्या फुल्या

अरं, त्या बिरूचं काय झालं ऐका तरी! वेल्ह्याच्या वरच्या अंगाला धनगरवाडा हाय न्हवं, तिथला बिरू. रोगानं मेंढरं सगळी खलास झाली, घरात उरली एक म्हातारी शेळी आन् आई भागूबाई. भाटघरचा मामा चिमाजी मुंबैच्या आगबोटीवर, भट्टीत कोळसा मारायच्या कामाला. तो म्हणाला, "चल बिऱ्या, माझ्या बोटीवर जागा हाय. पर मुंबैला बोटीचा डाक्टर उभा-आडवा तपासतो. छाती, डोळं, पार कातडीसुदिक. आदी भोरात दाखवू. हितंच नापास झालास तर मुंबैची खेप तरी वाचंल."

भागूबाईनं समुद्र कुठं बघितलेला? भाटघरचं धरण बघितलं हुतं, तेवढ्यानंच तिचं काळीज पाणी पाणी झालेलं. निघायच्या आदल्या दिशी तिनं बिब्बा तापवला आन् सुईनं तेल काढून लेकाच्या छातीवर, पाठीवर फुल्या मारल्या. "पाण्याची नजर लई वाईट, बाबा. ह्या फुल्या हायत तवर ते तुला गिळायचं न्हाई. पर कुणाम्होरं बोललास तर गुण गेला. घे बिरोबाची आण."

बिरूनं घेतली.

पर बिब्बा समद्यांना सोसतो व्हय? डोंगर उतरताना घाम फुटला, तेल पसरलं. मामाकडं मुक्काम करून भोरच्या दवाखान्यात पोचस्तवर अंग नुसतं पेटलेलं. खाजवायची चोरी, मामाला बोलायची चोरी!

डाक्टरनं डोळं बघितलं, झकास. दात बघितलं, झकास. मग म्हणाला, "बंडी काढ."

बिरूनं बंडी गच्च धरली. "ऱ्हाऊ द्या की साहेब, वरनंच बघा."

"लाजतोस काय नवरीसारखा? काढ!"

बंडी निघाली आन् डाक्टर झटक्यात मागं सरला. छातीभर पाण्यानं टरारलेलं फोड!

"देवी! हात लावू नका ह्याला! बाहेरच्यांना लांब करा!"

बाहेर एकच पळापळ. बाया पोरं उचलून रस्त्यावर. मामा तेवढा दारात, तोंड पांढरंफटक. "साहेब, काल तर धडधाकट हुता..."

"बोटीवर नेणार होतात? एकाला देवी निघाल्या की अख्खी बोट अडकून पडते! गावाबाहेरच्या झोपडीत ठेवा ह्याला."

झोपडी म्हणताच बिरूला वाड्यातला गेनू आठवला. त्याला तापानं फणफणलेला असताना असंच झोपडीत नेलं हुतं, तो काय माघारी आला न्हाई. देवीवाल्यांत टाकलं तर खरंच देवी निघतील! आन् तोंड उघडलं तर? म्होरं समुद्र, आन् अंगावर राखण न्हाई. त्याच्या डोळ्याम्होरं काळंभोर पाणी उभं ऱ्हायलं, धरणापेक्षा थोरलं, काठच नसलेलं.

दोघं गडी नाकाला फडकी बांधून आत आलं. एकानं काठी म्होरं केली, मेंढराला हाकावं तशी.

"बिब्बा हाय!" बिरू किंचाळला. "आयेनं फुल्या मारल्यात! देवी न्हाईत वो!"

डाक्टर थबकला. लांबूनच म्हणाला, "फिर. पाठ दाखव." पाठीवर फोड खरंच फुलीफुलीनंच उठलेलं. मग जवळ येऊन त्यानं नाडी बघितली, तळहात, तळपाय बघितलं. ताप न्हाई, तिथं फोडबी न्हाईत.

"गाढवा, आधी बोलायला काय झालं होतं? खोबरेल लाव. बरं वाटलं की मुंबईला जा. छाती मजबूत आहे, पास होशील."

मामा वाटंनं हसून हसून लोळायचा बाकी. "जीवच काढलास की रं माझा, भाच्या!" बिरूला मातुर कानात लाटाच ऐकू येत हुत्या, कधी न ऐकलेल्या.

बिरू मामाकडंच ऱ्हायला; फोड वाळलं, खपल्या पडल्या, मग घरी आला. मुंबैला निघायच्या सकाळी भागूबाईनं बंडी वर करून बघितलं. "कुणाला बोलला न्हाईस ना, लेकरा?"

"न्हाई, आये."

"पार पुसल्या की रं. नव्या मारू?"

मार म्हणावं असं त्याच्या पार व्हटावर आलं. पर मुंबैचा डाक्टर परत बंडी काढणार.

"नगं," म्हणाला. "त्याच पुरं."

भागूबाईनं निवांत मनानं भाकऱ्या बांधल्या. बिरूनं बंडीच्या आत हात घालून छाती चाचपली. कातडी गुळगुळीत लागली.