तेल न पिणारी गाडी

“मेली नवऱ्याच्या औषधांपेक्षा जास्त तेल ढोसते,” बेकरीवाल्या वहिनी माझ्या कानाशी पुटपुटल्या. “आता तरी सुधारली असेल ना?”

दादाच्या गॅरेजात मुंगीला शिरायला जागा नव्हती. टॅक्सीवाले, दुकानदार, शेजारी, सगळे वहिनींच्या रोटरी इंजिनाच्या गाडीभोवती कोंडाळं करून उभे. मधोमध पांढरे हातमोजे घातलेला तेलगुरू. दोन आठवड्यांपूर्वी सगळ्यांना बाहेर काढून, शटर ओढून, त्यानं एकट्यानं गाडीत आपलं ‘सिद्ध तेल’ भरलं होतं. वर बॉनेटला लाखेचं सील. ते फोडून त्यानं तेल मोजायची पट्टी ओढली आणि उंच धरली.

“हजार किलोमीटर धावली, एक थेंब उतरला नाही! माझं तेल इंजिनाशी बोलतं, बाबांनो. म्हणतं, ‘लेकरा, हाव सोड.’”

टाळ्यांचा कडकडाट. विकायला मांडलेल्या त्या तेलाच्या डब्यांच्या थप्पीशेजारी दादा छाती काढून उभा.

वहिनींनी पदरानं डोळे टिपले. उद्या पहाटे त्यांना आजारी नवऱ्याला, आमच्या भाऊंना, डोंगरापलीकडच्या इस्पितळात न्यायचं होतं. चार तासांचा चढ, वाटेत ना वस्ती ना गॅरेज.

माझी शाळा अर्ध्यात सुटली, पण दादाच्या फळीवरची गाड्यांची जाडजूड पुस्तकं मी भाजी निवडता निवडता वाचून काढली आहेत. ती पट्टी बघून मी गर्दीतून पुढे घुसले.

“दादा, तेल उतरलं नाही हीच तर भानगड आहे.”

“तू गप्प बस गं.”

“बसले असते. पण उद्या वहिनी आणि भाऊ डोंगरात अडकून बसतील.”

गुरू गोड हसला. “ताई, श्रद्धा नसली की इंजिनसुद्धा रुसतं.”

“रुसू दे, मी समजूत काढते. कुणीतरी पक्कड द्या!”

एका टॅक्सीवाल्यानं दिली. गुरू आडवा आला, तर दुसऱ्यानं त्याला हलकेच बाजूला सारलं. बघायला कुणाला आवडत नाही?

“नेहमीच्या इंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली होतो,” मी सांगू लागले. “यात तीन कोनांचा रोटर गरगर फिरतो. त्याच्या टोकांच्या पट्ट्या भिंतीला घासतात. त्या कोरड्या पडू नयेत म्हणून एक छोटा पंप या बारीक नळ्यांतून थोडं थोडं तेल आत सोडतो, आणि ते पेट्रोलबरोबर जळून जातं. वहिनी, तुमची गाडी ढोसत नव्हती हो. जेवत होती! पोर जेवेनासं झालं तर आपण टाळ्या वाजवतो का?”

कुणीतरी फिसकन हसलं. मी एक नळी उपसली. तोंडात रबराचा तुकडा कोंबलेला. दुसरीतही. तिसरीतही.

पहिलीतला तुकडा काढून मी तिच्याखाली पांढरी बशी धरली. “करा चालू.”

इंजिन घुमू लागलं. मिनिट गेलं, बशी कोरडीच.

“बघा,” गुरू पुटपुटला.

आणि थेंब पडला. मधासारखा, टपोरा.

“सपाटीवर निभावलं. उद्याच्या चढावर रोटरच्या पट्ट्या घासून इंजिन बसलं असतं,” मी म्हणाले. “पुस्तकात या इंजिनासाठी सांगितलंय तेच तेल घाला, जळून राख कमी सोडणारं. पेट्रोल भरताना तेल मोजायची पट्टी बघा, कमी झालं की भर घाला. संपला मंत्र. आणि शटर ओढून दाखवलेला चमत्कार कुणाकडूनही घेऊ नका. ‘असं का झालं?’ एवढं तोंड उघडून विचारा.”

“उद्या माझ्या टॅक्सीतून चला, वहिनी,” पक्कडवाला म्हणाला. “ही नीट तपासून होऊ दे.”

गुरू हातमोजे काढत दाराकडे सरकला. “मी फक्त तेल भरलं. नळ्या बघायचं काम गॅरेजवाल्याचं!”

सगळ्यांच्या नजरा दादाकडे वळल्या. वर्षभर वहिनी तेलाची तक्रार घेऊन येत होत्या आणि दादा दर वेळी नवं तेल सुचवत होता. का, ते मला ठाऊक होतं, टॅक्सीवाल्यांनाही. पण बत्तीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्या उस्तादाला ते तोंडावर कोण सांगणार?

दादानं माझ्या हातातली बशी घेतली. ती वहिनींपुढे धरली.

“वहिनी,” तो म्हणाला, “मला हे इंजिन येत नाही. येतं म्हणून सांगत राहिलो. लाज वाटली, म्हणून ह्याला आणलं.”