काचेपलीकडचा ठेका

पिराप्पाने डोळे मिटून बटण दाबले. काचेबाहेर बसलेल्या, कान तपासणाऱ्या प्रणिताच्या यंत्रावर हिरवा दिवा लागला. त्याच्या कानांवर मोठे हेडफोन, काढलेला पटका मांडीवर. आवाज आला की दाबायचे, एवढेच काम. म्हातारा ते मोठ्या ऐटीत करत होता.

बीदरच्या या कानांच्या दवाखान्यात त्याला आणायला त्याच्या पोराला, सुनीलकुमारला, दोन वर्षे लागली. घरात बापाला हाक मारली तर शेजारी ओ देत, बाप देत नसे. शेवटी म्हातारा पैजेवर आला. मिशीन नापास म्हणाली, तर मुडबीच्या जत्रेत ढोल दुसऱ्याने धरायचा. पास म्हणाली, तर पुन्हा कुणी कानाचे नाव काढायचे नाही. पन्नास वर्षे बिरोबापुढे वाजवलेला माणूस. ढोल सुटला तर त्याच्याजवळ काय उरणार, हे सुनीलला ठाऊक होते.

पण गेली बारा वर्षे तो ढोल सुनीलच्याच साउंडबॉक्सपुढे वाजत होता. लोकांना मोठा आवाज हवा, म्हणून दर साली एक बॉक्स वाढवला. कानात घालायचे रबरी बोळे त्याने उशिरा का होईना, आणले होते. म्हातारा उसळला होता, "बोळे घालून वाजवलं तर देवाला काय वाटंल?" सुनीलनेही आपली जोडी कधी घातली नाही. बॉक्सचा अंदाज येत नाही, म्हणायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

"लई झ्याक दाबायलाय की अप्पा," तो प्रणिताच्या मागे उभा राहून म्हणाला.

आवाज सोडायच्या कळेवरून प्रणिताने हात काढला आणि मांडीवर ठेवला.

हिरवा दिवा लागला. विझला. तेवढ्याच अंतराने पुन्हा लागला.

"मी आता काहीच वाजवत नाही," ती हळू म्हणाली.

"काय?"

तिने मोठ्याने सांगितले.

आत अप्पाचा डावा पाय हलत होता. पहिले दोन-चार आवाज त्याला आले असतील. त्यांच्यातले अंतर त्याने धरले आणि मग नुसता मोजत बसला. सत्तरीच्या माणसाचा ठेका केसभर सरकत नव्हता. सुनीलला भडभडून आले. असा बाप, आणि त्याचे कान आपण खाल्ले.

पिराप्पा पटका बांधत बाहेर आला.

"पास न्हवं?" सगळा दवाखाना वळून बघेल असे त्याने विचारले.

प्रणिताने सुनीलकडे पाहिले. सुनीलने तोंड उघडले, आणि नुसती मान हलवली. व्हय.

"आता तुम्ही बसा," प्रणिता म्हणाली. "मघापासून तुम्हाला सगळं दोनदा सांगावं लागायलंय."

तिने खुर्चीकडे हात केला, तेव्हा पिराप्पालाही कळले. त्याने पोराच्या पाठीवर थाप मारली.

"बस की. भ्यायलास कामून? सोपं हाय."

खोलीचे जाड दार लागले. हेडफोनमध्ये एक घुमता आवाज आला. सुनीलने बटण दाबले. दुसरा आला, दाबले. तिसरा आला, दाबले. मग बराच वेळ काही आले नाही. तो वाट पाहू लागला. काचेबाहेर प्रणिता मान खाली घालून कळ दाबत होती. दाबत होती, आणि कागदावर लिहीत होती.

तिच्या पाठीमागे अप्पा उभा होता. त्याने तिच्या नकळत हात छातीपाशी धरला होता आणि बोटे एकेक करून मिटत होता. चौथे बोट मिटले की सुनीलकडे बघून मान हलवत होता. लहानपणी सुनीलच्या गळ्यात पहिल्यांदा ढोल अडकवला, तेव्हा 'आता मार' म्हणून हलवली होती तशीच.

सुनीलने बटण मांडीवर ठेवले.

बाहेर अप्पाने पुन्हा मान हलवली. या खेपेला जरा जोरात.